कॉम्प्युटरच्या गेटावर आप्पा

आमच्या घरात 'नाही' हा शब्द फार जपून वापरतात. तांदूळ संपले तर आई म्हणते, 'तांदूळ वाढले.' बांगडी फुटली तर बांगडी 'वाढवली'. घरातून बाहेर पडताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. दारात कुणी काही मागायला आलं तर ओंजळभर पीठ तरी द्यायचं, पण 'नाही' म्हणून परत लावायचं नाही. हे सगळं मला लहानपणापासून पाठ. पण ह्याच रीतीपायी एक दिवस आमचा कॉम्प्युटर अंथरूण धरेल, असं काही वाटलं नव्हतं.

कॉम्प्युटर मी आणलेला. आमच्या भावकीत कॉलेज पुरं केलेली पहिली मी. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते, कारण त्यासाठी मी जे केलंय ते मला ठाऊक आहे. बी.एस्सी. झाले, साताऱ्यात एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक म्हणून लागले, आणि वर्षाच्या आत तासगावजवळच्या आमच्या गावी कॉम्प्युटर नेऊन ठेवला. आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, टेबल हलतंय का ते बघून एका पायाखाली पुठ्ठा घातला. आप्पा फौजेतून हवालदार होऊन घरी आलेले. हलणारी वस्तू त्यांना सहन होत नाही.

महिनाभरात आईचा फोन.

"तुझं मशीन म्हातारं झालं गं. बटन दाबलं की च्या करून येईस्तोवर उघडत न्हाई."

शनिवारी गावी गेले आणि बघते तर काय, पडद्याच्या कोपऱ्यात हवामान सांगणारा पोपट, वरच्या बाजूला तीन वेगवेगळ्या शोधपट्ट्या, आणि दर पाच मिनिटांनी 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे' म्हणून बोंब मारणारं काहीतरी. आई त्याच्यावर फक्त ब्लाऊजच्या गळ्यांचे नमुने बघत होती.

"आई, हे सगळं कुणी घेतलं आत?"

"मी कशाला घिऊ? त्येच यायचं इचारत. समदं अंधारायचं आन मधी चौकट यायची. हो का नाही? मी म्हनायची हो."

"पण नाही म्हणायचं ना!"

"आता दारात आल्याला न्हाई कसं म्हनायचं? आन इतकं अदबीनं इचारतंय."

ज्यांना ही चौकट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉम्प्युटरमध्ये काहीही नवं बसायला आलं की तो कामं थांबवून मालकाला विचारतो, 'ह्याला आपल्या घरात फेरबदल करू देऊ का?' मालक हो म्हणाला की आलेला पाहुणा आत शिरतो आणि पाहिजे ते करतो. घरात मालक एकच असावा, बाकीच्यांनी साध्या खात्यातून काम करावं, असा नियम असतो. मी मात्र कौतुकाच्या भरात सगळ्यांनाच मालक करून ठेवलेलं. चूक माझीच. शिकलेल्या माणसाच्या चुका अशाच असतात, दुसऱ्याला सांगताना सगळं आठवतं.

त्या रविवारी पोपटाला बाहेर काढलं. मालकाचं खातं माझ्या एकटीचं ठेवलं, त्याला पासवर्ड घातला. आईआप्पांना साधं खातं दिलं. आता चौकट आली की ती नुसतं हो-नाही विचारणार नव्हती, माझा पासवर्ड मागणार होती. आईला म्हटलं, "तुला आता नाही म्हणायची गरजच नाही." तिला हायसं वाटलं.

आप्पांना मात्र वेगळंच वाटलं. ते चौकटीपुढं बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "म्हंजे ह्यो संत्री हाय."

"संत्रीच म्हणा, दारावरचा पहारेकरी."

"थम, कौन आता है, असं इचारतोय. आन तू गार्ड कमांडर." त्यांनी मान डोलवली. "बेस हाय. पर रजिस्टर कुठाय?"

"कसलं रजिस्टर?"

"गेटावर संत्री हाय आन रजिस्टर न्हाई? कोन आलं, कवा आलं, कशाला आलं, कुनी धाडलं, आत सोडला का परत लावला. लिवाय नको?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी तासगावातून लाल कापडी पाठीची वही आणली आणि पट्टीनं रकाने आखले. मी गंमत म्हणून त्यांना सांगितलं होतं, की चौकटीच्या डोक्यावर पट्टी असते. निळी असेल तर आलेल्यानं ओळखपत्र दाखवलंय, पिवळी असेल तर कोण कुठला पत्ता नाही. आप्पांनी त्यासाठी वेगळा रकाना केला, 'पट्टीचा रंग'. पुढच्या शनिवारी मी आले तेव्हा पहिल्या पानावर माझ्याकडून स्थायी आदेश लिहून घेतले. त्यातला तिसरा आदेश माझ्याच अक्षरात आहे: पासवर्ड फोनवर कुणालाही सांगायचा नाही, कुणाकडूनही घ्यायचा नाही. खाली माझी सही. सही करताना मी हसत होते. आप्पा हसत नव्हते.

मग दर आठवड्याला मी आले की ते वही उघडून उभ्या उभ्या अहवाल द्यायचे. "मंगळवार, सकाळी धा वाजता. निळी पट्टी. छपाईच्या मशीनवाल्या कंपनीचा मानूस. काम, सुधारना. परत लावला, कमांडर हजर न्हाई म्हनून." मी पासवर्ड घालून त्याला आत घ्यायचे. ते वहीत 'आत' लिहायचे. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "चार दिस त्या मानसाला बाहीर ताटकळत ठिवलं. काय म्हनंल त्यो?"

हे असं वर्षभर मजेत चाललं. मग थोरल्या आईचं काम आलं.

थोरली आई म्हणजे माझी चुलती, शेजारच्याच दारात राहते. चुलतेही फौजेतलेच. ते गेल्यावर त्यांची पेन्शन तिला मिळते, आणि पेन्शन घेणाऱ्यानं दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. हयातीचा दाखला म्हणतात त्याला. आदल्या वर्षी तिनं अंगठा लावला होता, पण कुठं काय अडकलं कोण जाणे, दाखला पोचलाच नाही. पेन्शन बंद झाली. तिनं सांगलीला खेपा घातल्या तेव्हा उन्हाळ्यात सुरू झाली. पैशांचं तिनं फारसं मनाला लावून घेतलं नाही. तिला लागलं ते वेगळंच.

"हिसाबात मला मेली म्हनून लिवलं व्हतं," ती सांगायची. "जितं मानूस म्होरं हुबं हाय, आन त्यो टेबलावरचा पोरगा म्हनतोय, मावशी, पुरावा हाय का?"

ह्या वर्षी गौरी-गणपतीत ती ओसरीवरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. एसटीची पायरी चढणं शक्य नव्हतं. फोनपुढं चेहरा धरूनही दाखला मिळतो म्हणून मी एका रविवारी खटपट केली, पण फोन म्हणायचा डोळे मिचकवा, आणि ती म्हणायची, "ह्या वयात मी कुनाला डोळा मारू?" मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिचा एक डोळा लवकर मिटतही नाही. ते जमलं नाही.

तेव्हा ठरलं, की अंगठ्याचं मशीन आणायचं आणि आमच्या कॉम्प्युटरवरच दाखला काढायचा. आप्पांनी तिला शब्द दिला. "वैनी, अवंदा तुमाला मरू देत न्हाई."

मला सांगायला पाहिजे की ह्या थोरल्या आईनंच मला कॉलेजात घातलं. बारावीनंतर आप्पांच्या मनात माझं लग्न उरकायचं होतं. ही आमच्या ओसरीवर येऊन बसली आणि म्हणाली, पोरीचा फॉर्म भरल्याबिगर मी उठत न्हाई. खरंच उठली नाही. जेवायची वेळ झाली तरी नाही. शेवटी आप्पा सायकल काढून फॉर्म आणायला गेले. त्यामुळं ती कागदोपत्री पुन्हा मरणं हे मला चालण्यासारखं नव्हतं.

मशीन यायला उशीर झाला. आलं ते नोव्हेंबर संपायच्या दिवशीच, दुपारी. मी साताऱ्यात, लॅबमध्ये विद्यार्थ्यांची प्रॅक्टिकल परीक्षा चालू. सरांनी रजा देणं शक्य नव्हतं, आणि दिली असती तरी एसटीनं पोचेपर्यंत संध्याकाळ झाली असती. मशीन चालायला त्याचा प्रोग्राम बसवावा लागतो. मी घाईघाईत फोनवर शोधला, पहिली दिसली ती लिंक आईच्या फोनवर धाडली आणि आप्पांना सांगितलं, हे कॉम्प्युटरवर उतरवा आणि चौकट आली की मला फोन करा.

अर्ध्या तासानं फोन वाजला. मी व्हरांड्यात आले.

"आली चौकट," आप्पा म्हणाले. मागून थोरल्या आईचा आवाज येत होता. तिला उचलून खुर्चीसकट आणलेलं. "पासवर्ड मागतीया."

"लिहून घ्या. मी सांगते."

पलीकडं वहीची पानं उलटल्याचा आवाज.

"आप्पा?"

"न्हाई."

"काय नाही?"

"फोनवर घ्यायचा न्हाई. आदेश तीन. तुझी सही हाय."

"अहो आप्पा, तो आदेश मीच दिलाय! मीच सांगतेय आता!"

"तूच हाईस कशावरनं? हल्ली आवाज बी खोटा काडत्यात. परवा मोबाइलवर दावलं की, पोराचा आवाज काडून बापाला गंडीवला."

मी डोक्याला हात लावला. आत लॅबमधून एक विद्यार्थी मला खुणावत होता, त्याचा कॉम्प्युटर बंद पडलेला. "मग काय करायचं? आज शेवटचा दिवस आहे!"

"थांब. इचारतो." आप्पांनी घसा साफ केला. "बारावीचा निकाल लागला त्या दिशी तू कुठं लपली व्हतीस?"

व्हरांड्यात दोन प्राध्यापक उभे होते. मी भिंतीकडं तोंड केलं. "बेदाण्याच्या शेडमध्ये. रिकाम्या रॅकवर. वरून तिसऱ्या."

"कुनी हुडकून काडली?"

"थोरल्या आईनं."

"कशानं?"

"आप्पा!"

"कशानं?"

"मला शिंक आली. शेडमधल्या गंधकाच्या धुरीच्या वासानं."

मागून थोरल्या आईचं खदखदून हसणं ऐकू आलं. "आवं भावजी, पुरावा माझा काडायचा हाय का पोरीचा?"

"पटली वळख," आप्पा म्हणाले. "सांग आता."

पासवर्ड आता बदललाय, म्हणून सांगायला हरकत नाही. इंग्रजीत बेदाणा, आणि पुढं माझ्या बी.एस्सी.चा सीट नंबर. मी आकडे सांगायला सुरुवात केली, तर दोन आकड्यांनंतर आप्पांनीच पुढचे सांगून टाकले.

"तुम्हाला कसं माहीत?"

"देव्हाऱ्याच्या फळीमागं लिवून ठिवलाय की. निकालाच्या टायमाला."

म्हणजे थोडं डोकं चालवलं असतं तर वर्षभरात कधीही त्यांना गेट उघडता आलं असतं. त्यांनी एकदाही प्रयत्न केला नव्हता. का, ते विचारायचं होतं. पण वेळ नव्हता.

"बरं, आता हो दाबा."

"वही भरतो आदी."

"आप्पा, वही नंतर!"

"दोन मिंट. वेळ, दोन वाजून चाळीस. काम, अंगठ्याचं मशीन. पट्टीचा रंग..." ते थांबले. "पिवळी हाय."

"असू दे. दाबा."

"पिवळी हाय. पाठवनारा, ह्ये काय लिवलंय, यू, एन, के... अननोन. म्हंजे नावगाव न्हाई."

"मीच पाठवलंय ते!"

"लिंक तू पाठीवलीस. त्या मानसाला कुनी पाठीवला?"

आता माझा पारा चढला. आत परीक्षा, बाहेर प्राध्यापक, तिकडं थोरली आई, आणि हे पट्टीचा रंग सांगत बसलेत. मी बोलू नये ते बोलून गेले. "आप्पा, ह्यातलं शिक्षण मी घेतलंय का तुम्ही? मी म्हणते ना, हो दाबा!"

पलीकडं आईनंही माझी बाजू घेतली. "म्हना की हो. वैनी कवाच्या बसल्यात."

आप्पा शांतपणे म्हणाले, "पदवी तुझी हाय, पोरी. ड्यूटी माझी. पिवळी पट्टी मी आत घेत न्हाई. तू बघ तिकडं काय ते."

फोन ठेवलासुद्धा.

मी चरफडत पाठवलेली लिंक पुन्हा उघडली. त्यांना खोटं पाडायलाच उघडली, खरं सांगायचं तर. आणि ह्या वेळी नीट वाचली. मशीन बनवणाऱ्या कंपनीचं ते पानच नव्हतं. नाव तसंच, रंग तसाच, पण पत्त्यात एक अक्षर जास्त. भलत्यानं मांडलेलं दुकान. आप्पांनी हो दाबलं असतं, तर ज्या कॉम्प्युटरवर थोरल्या आईचं आधार, पेन्शनचं खातं आणि बोटाचा ठसा द्यायचा होता, त्याच्यात आधी कोण शिरून बसलं असतं, देव जाणे. लॅबमध्ये मुलांना पहिल्या दिवशी मी हेच शिकवते. पत्ता वाचा, मग दाबा.

कंपनीच्या खऱ्या पानाची लिंक तीनदा तपासून पाठवली. वीस मिनिटांनी फोन.

"निळी," आप्पा म्हणाले. बाकी काही नाही. टोमणा नाही, काही नाही.

"हो दाबा," मी म्हटलं. माझा आवाज खालच्या पट्टीत गेलेला.

मशीन लागलं. आता बोटाची पाळी. थोरल्या आईनं उभा जन्म द्राक्षबागेत आणि बेदाण्याच्या शेडवर काढला. घड बुडवायच्या द्रावणात हात घालून घालून तिच्या बोटांवरच्या रेघा पार पुसल्यात. उजवा अंगठा, नाही. डावा, नाही. फोन चालू होता, मी कानाला लावून लॅबमध्ये फिरत होते, आणि एकेक बोट नापास होत होतं.

"बगा, मशीनबी म्हनतंय मेली," थोरली आई म्हणाली. पण ह्या वेळी तिच्या आवाजात हसणं कमी होतं.

मग आई उठली. इतका वेळ ती नुसती बघत होती. तिनं कोमट पाण्याची वाटी आणली, थोरल्या आईचे हात त्यात बुडवून ठेवले, पदरानं पुसले आणि बोटांवर थेंबभर खोबरेल चोळून पुन्हा पुसलं. म्हणाली, "वैनी, करंगळीशेजारचं बोट द्या. डावं. त्यानं कुनी काम करत न्हाई."

खरंच की. सगळ्या जन्मात त्या एका बोटाला विश्रांती मिळालेली. मशीनचा लाल दिवा लागला. मला फोनवर पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

"हिरवा!" आई ओरडली.

"काय म्हनतंय?" थोरली आई.

आप्पांनी पडद्यावरचं एकेक अक्षर लावून वाचलं आणि परेडच्या आवाजात सांगितलं, "वैनी, तुमी हयात हाय!"

"ते मला म्हाईत हाय. कागुद काडा."

लॅबमध्ये मी मोठ्यांदा हसले. परीक्षा देणारी सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली.

शनिवारी घरी गेले. दाखला थोरल्या आईनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उशीखाली ठेवलेला. येणाऱ्याजाणाऱ्याला काढून दाखवत होती. मी आप्पांकडं वही मागितली. त्या दिवसाच्या दोन ओळी होत्या. पहिली: 'दोन चाळीस. पिवळी पट्टी. नावगाव नाही. कमांडरचा आदेश आत घेणे. संत्रीने परत लावला.' दुसरी: 'तीन पंधरा. निळी. आत.' माझ्या बोलण्याविषयी एक अक्षर नव्हतं.

मी पहिल्या ओळीपुढं लिहिलं, 'संत्रीचे बरोबर. कमांडर चुकला.' सही केली. आप्पांनी चष्मा लावून वाचलं आणि वही मिटली.

मग मी कॉम्प्युटर उघडला आणि मालकाच्या खात्याची अदलाबदल केली. आप्पा मालक, मी साधी. "पासवर्ड तुमचा तुम्ही घाला," म्हटलं, "मला सांगू नका." त्यांनी मला तोंड फिरवायला लावलं. एका बोटानं, कितीतरी वेळ, टकटक आवाज येत राहिला. लांबलचक असणार. अजूनही मला तो माहीत नाही. विचारलं तर आदेश तीन दाखवतात.

मागच्या रविवारची गोष्ट. लॅबचं काम घरी करायचं म्हणून मी एक प्रोग्राम बसवायला घेतला. पडदा अंधारला, चौकट आली, पासवर्ड मागायला लागली. आप्पा ओसरीवर थोरल्या आईशी बोलत बसलेले. मी आतून हाक मारली.

ते आले. चष्मा पुसला, पट्टी बघितली. निळी होती. तरी त्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "काम?"

"आवं, म्हना की हो," आई चुलीपाशीनं म्हणाली, "आपलीच पोरगी हाय."

"तेच लिवतोय," आप्पा म्हणाले. मी वाकून बघितलं. 'कुणी धाडलं' ह्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'घरचं माणूस'.

मग मी न सांगता तोंड भिंतीकडं फिरवलं.